मुरगळलेला पाय

पाय मुरगळणे ही आपल्याकडे दुखण्यात जमा धरण्याजोगी गोष्टच नव्हे. लेप लावला, पट्टी बांधली, की प्रकरण दाखल दप्तर झाले, असा सर्वांचा समज. सिंहगडाची पायवाट उतरताना माझा उजवा घोटा आत वळला, तेव्हा मालीश करणाऱ्या एका गृहस्थांनी सुजून तुकतुकीत झालेल्या त्या घोट्यावर अंगठा रोवून ‘शीर बसवली’, आणि दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग पार बोटांपर्यंत उतरला.

उतारावरच घोटा का दगा देतो, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. नडगीचे हाड व त्याच्या बाहेरचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांनी झालेल्या खोबणीत घोट्याचे हाड बसते. ते पुढे रुंद व मागे निमुळते असल्यामुळे, उतरताना चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येऊन सांधा सैल पडतो. त्यात आतील अस्थिबंध रुंद व बळकट, बाहेरचे तीन त्या मानाने दुबळे. म्हणून पाऊल बहुधा आत वळते आणि बाहेरचा पुढला बंध प्रथम फाटतो. अशा ताज्या जखमेवर चोळणे म्हणजे रक्तस्राव वाढविणेच होय.

परंतु मला कळकळीने सांगावयाचे आहे ते पुढचे. सूज ओसरली, वेदना गेली, आणि मग सपाट फरशीवरही तोच घोटा पुनःपुन्हा लचकू लागला. पाऊल कोणत्या कोनात आहे याची वर्दी मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके अस्थिबंधांतही असतात. बंधाबरोबर तीही दुखावतात, आणि सावरण्याचा हुकूम स्नायूंना पोचेपर्यंत पाऊल वळून गेलेले असते. ही जाणीव नुसत्या विश्रांतीने परतत नाही, तिला सराव लागतो. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी मला भिंतीलगत एका पायावर उभे केले, तेव्हा घोट्याभोवतीच्या कंडरा थरथरत आणि डोळे मिटताच तोल जाई. नेमाने केल्यावर पाऊल स्थिरावले.

तेव्हा पाय मुरगळल्यास चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, दाबपट्टी बांधा, पाय उंच ठेवा. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांपैकी कोणत्याही एकाची मागची कड किंवा करंगळीच्या बाजूस पावलाचा मध्य दाबून दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकवत नसतील, तर क्ष-किरण तपासणी तहकूब ठेवू नका. कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेल्या कसोटीतील ही प्रमुख लक्षणे आहेत. आणि दुखणे थांबल्यावर, दात घासताना का होईना, रोज त्या एका पायावर उभे राहात जा.