किशोरांचे नैराश्य आणि प्रकाशोपचार

नॉर्वेतील र्‍यूकान हे गाव उंच डोंगरांमधील अरुंद दरीत वसले आहे. सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत या गावात सूर्याचे किरण थेट पोहोचत नाहीत. हिवाळ्यात गावकऱ्यांना डोंगरावर जाऊन ऊन घेता यावे, म्हणून १९२८ साली तेथे रज्जुमार्ग उभारण्यात आला. पुढे २०१३ साली डोंगरउतारावर तीन प्रचंड आरसे बसवून गावच्या चौकातच ऊन उतरविण्यात आले. ही सारी खटपट केवळ उबेसाठी नव्हती. प्रकाशाचा माणसाच्या मनाशी निकटचा संबंध आहे, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होते. विज्ञानाने त्याला दुजोरा दिला तो मात्र अलीकडच्या काळात.

संशोधनाची वाटचाल

अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी 'मेलाटोनिन' हे संप्रेरक स्रवू लागते. पुरेशा प्रखर प्रकाशाने माणसातील हा स्राव रोखता येतो, असे अमेरिकेतील आल्फ्रेड ल्युई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले. त्यानंतर १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात उद्भवणाऱ्या व वसंतात ओसरणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तेजस्वी कृत्रिम प्रकाशाने अशा रुग्णांना उतार पडतो, असेही त्यांना आढळले. हे वर्णन प्रौढांपुरते होते. परंतु १९८६ साली याच गटाने मुलामुलींमध्येही हा विकार असल्याचे नोंदविले. १९९७ मध्ये ७ ते १७ वर्षे वयाच्या २८ मुलांवर झालेल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहाटेप्रमाणे हळूहळू वाढणारा प्रकाश आणि त्यास जोड म्हणून तेजस्वी प्रकाश दिल्यानंतर पालकांनी नोंदविलेली लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली.

ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही हा उपचार उपयोगी ठरू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १२२ प्रौढ रुग्णांचा समावेश असलेल्या कॅनडातील चाचणीत त्याचा लाभ दिसून आला. किशोरवयीनांबाबतचे अभ्यास मात्र अद्याप थोडे व लहान आहेत. म्हणून या उपचाराकडे आशेने पाहावे, पण त्याला रामबाण उपाय समजू नये.

शरीरातील घड्याळ

आपल्या डोळ्यांतील काही पेशींचे काम दृश्य दाखविणे हे नसून दिवस आणि रात्र यांची वार्ता मेंदूला पोहोचविणे हे आहे. या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात, हे २००२ साली स्पष्ट झाले. त्यांच्या संदेशावरून मेंदूतील मध्यवर्ती घड्याळ झोप, जाग, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांचे वेळापत्रक ठरविते. सकाळच्या प्रकाशाने हे घड्याळ पुढे सरकते, म्हणजे झोप लवकर लागते व जागही लवकर येते; रात्रीच्या प्रकाशाने ते मागे पडते.

पौगंडावस्थेत हे घड्याळ स्वभावतःच मागे पडते. रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नाही, आणि सकाळी शाळेसाठी उठवत नाही. त्यातच नैराश्य आले की मुलगा चिडचिडा होतो, मित्रांना टाळतो, अभ्यासात मागे पडतो. घरातील माणसे त्याला 'आळशी' ठरवून मोकळी होतात. खरे पाहता त्याला गरज असते ती बोलण्यांची नव्हे, तर उपचारांची.

उपचाराची रीत

प्रकाशाची प्रखरता 'लक्स' या परिमाणात मोजतात. घरातील दिवे साधारणतः १०० ते ३०० लक्स प्रकाश देतात. स्वच्छ उन्हात मात्र ५०,००० लक्सहून अधिक प्रकाश मिळतो. प्रकाशोपचाराचा दिवा सामान्यतः १०,००० लक्सचा असून त्यातील अतिनील किरण गाळलेले असतात. सकाळी उठल्यावर लवकरच, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, सुमारे अर्धा तास त्यासमोर बसायचे असते. दिव्याकडे टक लावून पाहू नये. त्याच्या उजेडात वाचन अथवा न्याहारी करावी. गुण दिसण्यास बहुधा एकदोन आठवडे लागतात.

डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ असे त्रास काहींना संभवतात. नेत्रपटलाचे विकार असणाऱ्यांनी, तसेच प्रकाशाची संवेदनशीलता वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. उन्माद व नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या विकारात या उपचाराने उन्माद उफाळू शकतो. म्हणूनच दिवा स्वतःच्या मनाने विकत आणून मुलापुढे ठेवणे योग्य नव्हे. निदान तज्ज्ञानेच करावयास हवे. समुपदेशन व औषधे यांची जागाही दिवा घेऊ शकत नाही.

आपल्यासाठी बोध

मुंबईत हिवाळ्यातील लहानात लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. ऑस्लोत तो जेमतेम सहा तासांचा. कॅनडा वा स्कँडिनेव्हियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच हा विषय विशेष लक्षात ठेवावा. पण दाराशी ऊन असूनही आपली अनेक मुले शिकवणी वर्ग आणि बंद खोल्या यांतच दिवस घालवितात आणि रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसतात. सकाळी अर्धा तास मोकळ्या हवेत चालणे हा बिनखर्चाचा आरंभ आहे.

तथापि, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आल्यास तर क्षणाचाही विलंब नको. अशा वेळी शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. मुलाजवळ बसून त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, हे उपचाराचे पहिले पाऊल होय.