संकरातून नवी जात कशी घडते?

हायब्रिड ज्वारीचे पीक जोमदार येते. पण त्याच कणसांतील दाणे पुढील वर्षी पेरले, तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. मग संकरातून टिकाऊ जात निर्माण होते तरी कशी? फ्रान्समधील शिकारी कुत्र्यांचे उदाहरण पाहू.

फ्रान्सच्या प्वातू प्रांतातील ‘प्वातव्हँ’ ही कुत्र्यांची जात 1842 साली पिसाळरोगाने जवळजवळ नष्ट झाली. उरलेल्या थोड्या कुत्र्यांचा इंग्लिश फॉक्सहाउंडशी संकर करून ती सावरण्यात आली. फ्रेंच कुत्रे तीव्र घ्राणेंद्रियासाठी व घुमणाऱ्या आवाजासाठी, तर फॉक्सहाउंड वेग व दमदारपणासाठी नावाजलेले. प्वातव्हँ व फॉक्सहाउंड यांच्या संकरातून तिरंगी, तर ‘बिली’ व फॉक्सहाउंड यांच्या संकरातून पांढरी-नारिंगी अशा अँग्लो-फ्रेंच जाती पुढे आल्या. सशासारख्या लहान सावजासाठी मध्यम उंचीच्या फ्रेंच कुत्र्यांचा बीगल, हॅरियर यांच्याशी संकर झाला.

आता यामागील गणित पाहा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एका जातीत एखादे जनुक ‘क क’ व दुसरीत ‘ख ख’ असेल, तर संकराची पहिली पिढी सगळी ‘क ख’ होईल. म्हणून ती एकसारखी दिसते. पण या पिल्लांची आपसांत वीण केली, की सरासरीने चारात एक ‘क क’, दोन ‘क ख’ व एक ‘ख ख’ निघते. हवी असलेली जोडी चारात एकदाच मिळते! वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील दोन जनुकांच्या हव्या त्या जोड्या एकाच पिल्लात मिळण्याची शक्यता 1/16, तर चार जनुकांसाठी 1/256. शिवाय वास घेण्याची शक्ती किंवा दम यांवर अनेक जनुकांचा परिणाम होतो. त्यामुळे जात स्थिर व्हायला अनेक पिढ्यांची निवड लागते.

अशी निवड करताना जवळच्या नात्यात वीण करण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे लपलेल्या दोषकारक जनुकाच्या दोन्ही प्रती एकत्र येण्याचा धोका वाढतो. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात, कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे एकसारखेपणा हवा, पण वैविध्यही राखायला हवे; पैदासकाराची खरी कसोटी येथेच लागते.

जाता जाता एक प्रश्न : पाच जनुकांसाठी ही शक्यता किती? स्वतः मांडून पाहा.