शवासन : शेवटची दहा मिनिटे

दर शुक्रवारी सकाळी बुसैतीनला आमच्या घरी आम्ही चार-पाच कुटुंबे योगासनांसाठी जमतो. सूर्यनमस्कार झाले, पश्चिमोत्तानासन झाले, की शवासनाच्या वेळी मी हळूच उठून चहाचे आधण ठेवत असे. नुसते पडून राहण्यात कसला व्यायाम, असे माझ्यातल्या डॉक्टरला वाटे.

पन्नाशीनंतर माझाच रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली, लोणचे-पापड सुटले. तेव्हा एक जुना शोधनिबंध आठवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि सुमारे निम्म्या रुग्णांना चांगला फायदा झाला. अभ्यास लहान होता, पण विषय गंभीरपणे घेण्याजोगा नक्कीच होता. 'हठप्रदीपिके'तही शवासनाची दोनच फळे सांगितली आहेत : थकवा जाणे आणि चित्ताला विश्रांती.

मग मीही आडवा झालो आणि कळले, की हेच आसन सर्वांत कठीण! दोन मिनिटांत ड्यूटीची यादी डोळ्यांसमोर. विमानतळ जवळच, डोक्यावरून विमान गेले की मन त्यात बसून थेट मुंबईला. पण नेटाने चालू ठेवले.

कृती सोपी आहे. पाठीवर झोपा, पाय थोडे फाकवा, तळहात वर. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडा. मग लक्ष नाकपुड्यांवर ठेवा : आत जाणारा श्वास थंड, बाहेर येणारा उबदार. उच्छ्वास संथ व लांब होऊ द्या. त्याने हृदयाची गती मंदावते, ताणलेले स्नायू सैल होतात. मन भरकटले तर न रागावता परत आणा. झोप लागू देऊ नका. उठताना आधी कुशीवर वळा, मग सावकाश बसा. गरोदर स्त्रियांनी डाव्या कुशीवरच झोपावे.

एक सूचना मात्र कळकळीची : शवासन हा औषधाला पर्याय नव्हे. बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. माझी गोळी आजही चालू आहे.

आपण परदेशी आलो ते धावण्यासाठीच. थांबणे आपल्याला कोणी शिकवले नाही. आता शुक्रवारी मी शेवटपर्यंत पडून राहतो. चहा दहा मिनिटे उशिरा होतो, पण कोणाची तक्रार नाही.