समुद्रात पवनचक्क्या: होडीवाल्यांनी आधीच समजून घ्यायच्या गोष्टी



विजेपायी पाण्याचं काय होतं, हे कुंभारवाड्यात कुणाला शिकवायला नको. काळी नदीवर सुपा धरण झालं, वीज आली, पण जुनं सुपा पाण्याखाली गेलं. हीच काळी खाली कारवारला समुद्राला मिळते. आता वीज समुद्रातल्या वाऱ्यातूनही काढायचं चाललंय, म्हणून आज हा धडा.

कुठे? केंद्राचं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ चं. जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर झाली: गुजरात आणि तमिळनाडूसमोरच्या समुद्रात ५००-५०० मेगावॅट. कर्नाटक या पहिल्या टप्प्यात नाही. म्हणजे आपल्याला शिकायला वेळ मिळाला, एवढंच.

होडीचं काय?

१. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे अशा बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा पट्टा ठेवता येतो. चक्क्या अनेक असल्या की जाण्यायेण्याची वाटही बदलते, डिझेल वाढतं.

२. वीज किनाऱ्यावर आणणारी केबल समुद्राच्या तळातून येते. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्याला तिथे धोका.

३. खांबांवर शिनाणे धरतात, मासे जमतात. पण जवळ जायला मिळालं तरच त्याचा उपयोग.

४. ब्रिटनमध्ये चक्क्यांच्या मधून मासेमारी करता येते, बेल्जियममध्ये बंदी आहे. चक्की तीच, नियम वेगळा. म्हणून नियम लिहिले जातात तेव्हा आपण तिथे हवं.

आपल्या देशात २०२३ च्या नियमांप्रमाणे चक्क्या उभारून चालवायचा भाडेपट्टा ३५ वर्षांपर्यंतचा. आज जाळं विणायला शिकणारा पोरगा तोवर स्वतः तांडेल होऊन थकलेला असेल.

आपण काय करायचं? "वाडवडिलांपासून इथंच जाळं टाकतो" एवढं तोंडी सांगून भागत नाही. नकाशावर ज्याची नोंद नाही, ती जागा रिकामी धरली जाते. म्हणून आजपासून वही घाला: तारीख, जीपीएसवरची जागा, किती वाव पाणी, कुठलं जाळं, काय मिळालं. विक्रीची पावती त्याच पानाला टाचा. जीपीएस नसेल तर किनाऱ्यावरच्या खुणा लिहा. छोट्या होड्यांनी तर नक्कीच, कारण त्यांचीच नोंद सगळ्यात कमी असते.

वीज आपल्यालाही हवी. पण यावेळी पाणी कुणाचं, हे आधी कागदावर यायला हवं.

तुमच्या तांडेलापर्यंत हे पोहोचवा.