दर घरी एक टाके : व्हॅलेटा शहराची गोष्ट

नकाशात युरोप आणि आफ्रिका या दोन खंडांच्या मध्ये एक लांबट समुद्र दिसतो. त्याचे नाव भूमध्य समुद्र. भू म्हणजे जमीन. जमिनीच्या मधला, म्हणून भूमध्य. या समुद्राच्या साधारण मध्यावर माल्टा नावाचा एक चिमुकला देश आहे. त्यात दोन मोठी बेटे आणि काही लहान बेटे आहेत. सगळी मिळून त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३१६ चौरस किलोमीटर भरते. आपल्याकडचे कितीतरी तालुके याहून मोठे आहेत.

या देशाच्या राजधानीचे नाव व्हॅलेटा. शहर एवढेसे, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जायला वीस मिनिटे पुरतात. पण चारशे वर्षांहून जुने वाडे, कोट, देवळे आणि रस्ते तिथे अजून उभे आहेत. ते पाहायला जगातून माणसे येतात. १९८० साली या शहराची जागतिक वारशात नोंद झाली.

आज आपण या शहरातून एक फेरी मारू. पण फेरी मारताना एक प्रश्न मनात ठेवा. माल्ट्यात एकही मोठी नदी नाही. पाऊस वर्षाला सुमारे ५५ सेंटिमीटर पडतो. आपल्या नगर-सोलापूरच्या कोरड्या भागात पडतो, साधारण तेवढाच. त्यातून हे शहर वसले आहे उघड्या खडकावर. मग इथली माणसे इतकी वर्षे पाणी कुठून प्याली?

शहर कसे वसले

खूप वर्षांपूर्वी जेरुसलेम शहरात ख्रिस्ती यात्रेकरूंची सेवा करणारा एक पंथ निघाला. संत योहानाच्या नावाने तो चाले. आजारी यात्रेकरूंना औषधपाणी करणे हे त्याचे पहिले काम. पुढे या पंथाच्या लोकांनी हाती तलवारही घेतली. त्यांना नाइट म्हणत. नाइट म्हणजे सरदार. ऱ्होड्स नावाच्या बेटावर त्यांचे राज्य होते. १५२२ साली तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने त्यांच्यावर स्वारी केली, आणि ते बेट त्यांना सोडावे लागले. १५३० साली बादशहा पाचवा चार्ल्स याने त्यांना माल्टा दिला. त्याचा खंड किती, ठाऊक आहे? वर्षाला एक शिकारी ससाणा!

१५६५ साली तुर्कांचे मोठे आरमार माल्ट्यावर चालून आले. मे महिन्यात वेढा पडला, तो सप्टेंबरात उठला. समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ सुळक्याच्या टोकाला सेंट एल्मो नावाचा छोटा किल्ला होता. तो महिनाभर लढला आणि पडला. पण बाकीचे किल्ले टिकले. सरदारांच्या खांद्याला खांदा लावून माल्ट्याचे साधे शेतकरी आणि कोळीही लढले. शेवटी सिसिली बेटावरून कुमक आली आणि तुर्क निघून गेले.

सरदारांचा प्रमुख होता ज्याँ द व्हॅलेट. सत्तरीच्या घरातला म्हातारा. त्याने ठरवले, की त्या सुळक्यावरच नवे शहर बांधायचे. दोन्ही बाजूंना खोल बंदरे, मधे उंच खडक. ही जागा ज्याच्या हाती, बंदर त्याच्या हाती. २८ मार्च १५६६ रोजी पहिला दगड बसला. शहराला त्याचेच नाव पडले, व्हॅलेटा. शहर पुरे झालेले मात्र त्याने पाहिले नाही. १५६८ साली तो वारला. १५७१ साली सरदारांनी आपले ठाणे या नव्या शहरात हलवले.

घरांचे नियम

शहराचा आराखडा इटलीच्या लापारेल्ली नावाच्या इंजिनिअराने काढला. पुढचे काम कॅसार नावाच्या माल्ट्याच्याच माणसाने पाहिले. रस्ते दोरीत आखलेले, सरळ. एकमेकांना काटकोनात छेदणारे. त्यामुळे समुद्राचा वारा गावभर खेळतो. खडक उंचसखल असल्यामुळे काही रस्त्यांना पायऱ्याच पायऱ्या आहेत.

घर बांधणाऱ्याला नियम घातले होते. घराचा जिना रस्त्यावर येता कामा नये. घराचे सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडले पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके खोदलेच पाहिजे.

आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी तुम्ही पाहिली असतील. तशीच ही. घराचे छप्पर सपाट. त्यावर पडलेला पाऊस नळीवाटे खाली टाक्यात जाई. वरून दगडाचे झाकण. पाणी उन्हाने आटत नसे, गारही राही. माल्ट्याचा दगड मऊ. करवतीने कापता येतो आणि हवा लागली की वरून कठीण होतो. टाके खोदताना निघालेला दगड घराच्या भिंतींना वापरता येई. म्हणजे एका खोदाईत दोन कामे, बरं का!

श्रीमंताच्या वाड्याला टाके, तसे साध्या घरालाही टाके. या शहराला नुसत्या उंच भिंती पुरल्या नसत्या. वेढा पडला की भिंतीआडची माणसे तहानेने हार खातात. तेव्हा घराखालचे टाके हीसुद्धा तटबंदीच होती.

लोकवस्ती वाढली, तसे टाक्यांचे पाणी कमी पडू लागले. मग १६१० ते १६१५ या पाच वर्षांत एक पाट बांधला. आतल्या डोंगराळ भागातल्या झऱ्यांचे पाणी सुमारे १६ किलोमीटर वाहून शहरात आणले. काही ठिकाणी पाट जमिनीखालून जातो, तर काही ठिकाणी दगडी कमानींवरून. त्या कमानी आजही रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत.

चला, आत जाऊ

शहराच्या वेशीपुढे खडकात खोदलेला खोल खंदक आहे. त्यावरच्या पुलावरून आत शिरायचे. आत शिरताच नव्या संसद भवनाशेजारी मोडक्या खांबांची एक जागा लागते. इथे मोठे नाटकगृह होते. ७ एप्रिल १९४२ रोजी ते विमानांच्या बॉम्बहल्ल्यात पडले. आता त्याच खांबांमध्ये उघड्यावर नाटके आणि गाणी होतात.

उजवीकडे थोडे चालले की तटावरची बाग येते. तिचे नाव अप्पर बराक्का. इथून खालचे मोठे बंदर सबंध दिसते. बागेखाली तोफांची रांग आहे. रोज दुपारी बारा वाजता तिथून तोफ उडते. पूर्वी बंदरातली गलबते या आवाजावर आपली घड्याळे लावीत.

मागे फिरून मुख्य रस्त्याला लागू. इथे संत योहानाचे मोठे देऊळ आहे. १५७७ साली ते बांधून झाले. बाहेरून अगदी साधे, एखाद्या गढीसारखे. आत पाऊल टाकावे तो भिंतीभर सोनेरी नक्षी! जमिनीवर रंगीत संगमरवराच्या सुमारे ४०० फरशा आहेत. त्या फरशा म्हणजे सरदारांच्या कबरी. देवळात कॅराव्हाज्यो नावाच्या इटालियन चित्रकाराचे एक भले मोठे चित्र आहे. संत योहानाचा शिरच्छेद त्यात दाखवला आहे. १६०८ साली ते काढले. चित्रात सांडलेल्या रक्तातच त्याने आपले नाव लिहिले आहे. त्याने सही केलेले हे एकच चित्र आहे.

आणखी खाली उतरले की जुने इस्पितळ लागते. त्याचा एक दिवाणखाना सुमारे ५०० फूट लांब आहे. इथे रोग्यांना चांदीच्या ताटवाट्यांतून जेवण देत. चांदीची भांडी स्वच्छ राहतात, असा त्यामागे विचार होता. मोठे मोठे सरदार स्वतः रोग्यांना वाढायला येत. परक्या धर्माच्या रोग्यालाही इथे औषध मिळे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच सरदार समुद्रावर मुसलमान गलबते पकडीत आणि माणसांना गुलाम करीत. गुलामांना साखळ्या घालून वल्ही मारायला बसवीत. तट बांधायच्या कामालाही गुलाम लावीत. माल्ट्यात माणसांचा बाजार भरे. एका हाताने सेवा आणि दुसऱ्या हाताने गुलामी! १७९८ साली फ्रान्सच्या नेपोलियनने माल्टा जिंकला आणि गुलामांना सोडवले. पण त्याच्या फौजेने देवळांची आणि इस्पितळाची चांदीही लुटली. तेव्हा लोकांनी बंड केले. १८०० साली फ्रेंच गेले आणि इंग्रज आले.

इंग्रजांच्या अमलात आपल्या लोकांचाही या बेटाशी संबंध आला. १८७८ साली रशियाशी युद्ध होईल असे इंग्रजांना वाटले. त्यांनी सुमारे ७,००० हिंदी शिपाई बोटींनी माल्ट्याला नेले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. युद्ध टळले आणि काही महिन्यांत ते परतले.

दुसरा वेढा

शहराच्या अगदी टोकाला सेंट एल्मो किल्ला आहे. आज तिथे लढायांचे संग्रहालय आहे. १५६५ सारखाच वेढा या शहराला पुन्हा एकदा पडला, तो दुसऱ्या महायुद्धात. या वेळी शत्रू आकाशातून आला. जून १९४० पासून इटलीची, आणि पुढे जर्मनीची विमाने बॉम्ब टाकू लागली. लोकांनी खडकात भुयारे खोदली आणि त्यांत आसरा घेतला. आयाबाया, मुले, म्हातारी माणसे रात्रीच्या रात्री तिथे काढीत. दगड मऊ होता म्हणून हे जमले. ज्या खडकाने पूर्वी पाणी सांभाळले, त्यानेच आता माणसे सांभाळली.

१५ एप्रिल १९४२ रोजी इंग्लंडच्या राजाने सबंध बेटाला शौर्याचे पदक दिले. ते पदक आजही माल्ट्याच्या झेंड्यावर आहे. पण पदकाने पोट भरत नाही. धान्य संपत आले होते. ऑगस्टमध्ये १४ मालबोटी निघाल्या. त्यांतल्या ५ च बंदरात पोचल्या. शेवटची ओहायो नावाची तेलाची बोट. ती बुडायच्या बेतात होती. दोन लढाऊ गलबतांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून १५ ऑगस्टला बंदरात आणले, आणि बेट वाचले.

१९६४ साली माल्टा स्वतंत्र झाला. १९७४ साली तिथे प्रजासत्ताक आले.

माल्टी लोकांची भाषा अरबीतून निघाली आहे. पण ते ती रोमन लिपीत लिहितात. त्यांच्या भाषेत पुस्तकाला ‘क्तीब’ म्हणतात आणि जगाला ‘दिन्या’. आपल्या मराठीतही अरबीतून आलेले किताब आणि दुनिया हे शब्द आहेत. इतक्या दूरच्या माणसाशी आपले दोन शब्द जुळतात, ही गंमत आहे की नाही?

आणि पाण्याचे काय?

शहराखाली जुनी टाकी आजही आहेत. पण नळ आले तसा त्यांचा विसर पडला. माल्ट्यात ठिकठिकाणी बोअर पाडून जमिनीखालचे पाणी उपसू लागले. बेटाच्या चहूकडे समुद्र. गोडे पाणी उपसले, की त्याच्या जागी खारे पाणी शिरते. विहिरी मचूळ झाल्या. आज तिथले अर्ध्याहून जास्त नळाचे पाणी समुद्राचे असते. यंत्राने त्यातले मीठ काढतात. त्याला वीज लागते आणि पैसा लागतो. नव्या घराला टाके बांधावे असा कायदा आजही आहे. पण तो पुष्कळ जण पाळत नाहीत, अशी तिथल्या जाणत्या लोकांची तक्रार आहे.

चारशे वर्षांपूर्वी यंत्र नव्हते आणि वीजही नव्हती. नियम होता आणि तो सर्वांना सारखा होता. आपल्या छपरावर पडलेला पाऊस आपणच साठवायचा, एवढीच गोष्ट. व्हॅलेटाचे सोनेरी देऊळ पाहून डोळे दिपतात खरे. पण ते बांधणारी आणि त्यात प्रार्थना करणारी माणसे जगली ती घराखालच्या अंधाऱ्या टाक्यावर. त्या शहरात कधी काळी गेलात, तर तेही पाहा. आणि गेला नाहीत, तरी येत्या पावसात आपल्या छपराचे पाणी कुठे जाते, ते जरूर पाहा.

उत्तरे सांगा

१. व्हॅलेटा शहर त्या खडकावरच का बांधले?
२. घर बांधणाराला कोणते नियम पाळावे लागत?
३. सरदारांचे कोणते काम तुम्हाला आवडले? कोणते आवडले नाही? का?
४. मऊ दगडाचा लोकांना कोणकोणता उपयोग झाला?
५. माल्ट्यातल्या विहिरी मचूळ का झाल्या?
६. तुमच्या गावात पूर्वी पाणी कसे साठवीत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.