तीन वर्षांची की सात वर्षांची?

प्रश्न : क्युबाची रम नुसती प्यायला आणि कॉकटेललाही चालेल, अशी एकच बाटली कोणती? जितकी जुनी तितकी चांगली, हे खरे का?

उत्तर : एकच घ्यायची तर ‘हवाना क्लब’ची ७ वर्षांची घ्या, पण वय म्हणजे दर्जा, हे गणित सोडून द्या. क्युबात मळीपासून काढलेले उग्र ‘आग्वार्दिएन्ते’ ओकच्या पिंपांत किमान २ वर्षे मुरवतात, मग त्यात हलके स्पिरिट मिसळून पुन्हा मुरवतात. पुढचे प्रत्येक वर्ष लाकडाची चव चढवते आणि उसाचा ताजेपणा झाकते. दायकिरीत नेमके हेच नडते : लिंबाबरोबर ३ वर्षांची फिकट रम खुलते, तर जुन्या रममधला तंबाखू-व्हॅनिलाचा वास आंबटाशी भांडतो. मोहितोत तर ७ वर्षांची ओतणे निव्वळ उधळपट्टी. ओल्ड फॅशन्डमध्ये मात्र ती दबत नाही, आणि बर्फाशिवायही घशाला टोचत नाही.

मग जुन्या, महागड्या बाटल्या फसव्या म्हणायच्या का? तसेही नाही. क्युबाच्या उकाड्यात पिंपातली रम भराभर उडून जाते. त्यामुळे किमतीत त्या घटीचाही वाटा असतो. फक्त चाखायचीच असेल तर ‘सान्तियागो दे कुबा’ची ११ वर्षांची जरूर घ्या, मिसळू मात्र नका. अमेरिकेत असाल तर लेबल नीट वाचा : व्यापारबंदीमुळे तिथली ‘हवाना क्लब’ बकार्डीची, पोर्तो रिकोत बनलेली असते.