ब बदकाचा, डी डेल्टाचा

आमच्या शेजारी एक भाऊ राहतात. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. पण त्यांचा मोबाइल त्यांना वाचून दाखवतो. पडद्यावर बोट ठेवले की तिथे काय लिहिले आहे ते तो बोलतो. या सोयीचे नाव टॉकबॅक. अँड्रॉइडच्या बहुतेक मोबाइलांत ती असतेच. तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

भाऊंनी हळद विकली. व्यापाऱ्याने फोनवर बँकेचा आयएफएससी कोड विचारला. पोराने घाईघाईत सांगितला. पैसे काही येईनात! पेरणी तोंडावर आलेली. बियाणे आणायचे कशाने?

व्यापाऱ्याने लिहून घेतलेला कोड परत पाठवला. मी चष्मा लावून वाचला आणि म्हणालो, "बरोबर आहे." भाऊंनी मात्र एकेक अक्षर ऐकले. एका अक्षरावर थांबले. फोन म्हणाला, "डी, डेल्टा."

"गुरुजी, आपला तर ब्राव्हो आहे!"

खरेच की. बीच्या जागी डी पडला होता. चाळीस वर्षे वह्या तपासल्या, पण ही चूक माझ्या नजरेतून सुटली. दुरुस्ती झाली आणि चार दिवसांत पैसे आले.

हे डेल्टा, ब्राव्हो काय आहे? विमान चालवणाऱ्यांना बी, डी, पी, टी ही अक्षरे रेडिओवर सारखीच ऐकू येत. म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवला. 1956 सालापासून तो जगभर चालतो. टॉकबॅकमध्येही तशी सोय आहे. सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. यात नवल काय? आपल्या अंकलिपीत ब बदकाचा आणि भ भटजीचा होताच की. प पतंगाचा, फ फणसाचा. फोनवर नाव सांगताना असेच सांगावे. लाजू नये.

आयएफएससी कोडात अकरा खुणा असतात. पहिली चार अक्षरे बँकेची. पाचवी खूण नेहमी शून्य असते. तिला 'ओ' म्हणू नका, तिथेच घोटाळा होतो. खातेनंबर सांगताना 'एकोणसाठ' म्हणू नये, 'पाच, नऊ' म्हणावे. एकोणसाठचे एकोणसत्तर व्हायला वेळ लागत नाही.

मोबाइलमधली ही सोय अधूनमधून नवी होते. त्याला अपडेट म्हणतात. एकदा रात्री अपडेट झाले. सकाळी फोन भलताच भरभर बोलू लागला. भाऊ घाबरले. त्यांना वाटले, फोन गेला! सेटिंगमध्ये जाऊन बोलण्याचा वेग कमी केला, तेव्हा जीव भांड्यात पडला. टॉकबॅक बंद पडले तर आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद एकदम दाबून धरावी. बहुतेक फोनांत ते पुन्हा सुरू होते. मात्र पैसे यायचे असतील त्या दिवशी अपडेट करू नये, असे आता भाऊच सगळ्यांना सांगतात.

अभ्यास : आपले नाव शेजाऱ्याला फोनवर अक्षर-अक्षर सांगा. त्याला ते लिहू द्या. मग त्याने लिहिलेले त्याच्याकडूनच वाचून घ्या.